लेस पॉल गिटारला व्हायब्रेटो (दांडा दाबून सूर वरखाली करायचं यंत्र) बसवायचा आहे, पण लाकडाला भोक नको. बिगस्बी की दुसरं काही?

सहावी_तार

मंडळी नमस्कार. गिटार एपिफोन लेस पॉल स्टँडर्ड, स्टॉप-बार टेलपीस (तारांची मागची टोकं धरणारी पट्टी), ट्यून-ओ-मॅटिक ब्रिज (तारा टेकायची घोडी), तारा १०-४६ (जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात), ट्यूनिंग स्टँडर्ड. डाइव्ह-बॉम्ब (सूर एकदम खोल खाली पाडणं) वगैरे काही करायचं नाही. क्लीन आवाजात कॉर्ड सोडल्यावर शेवटी हलकी थरथर आणि अधूनमधून एखादा सूर अर्ध्या सुराने खाली नेऊन परत आणणं, एवढंच हवंय.

विचारायचं ते असं:

१) बिगस्बी बी७ आणि बी७० यांत नेमका फरक काय? पैसे वाचवावेत का?
२) व्हायब्रमेटची पट्टी (बिगस्बी जुन्याच भोकांवर बसवायचा जोड) वापरली तर खरंच एकही भोक पाडावं लागत नाही?
३) ड्यूसेनबर्ग लेस ट्रेम आणि स्टेट्सबार या दुसऱ्या व्हायब्रेटोंबद्दल काय मत?
४) 'बिगस्बी लावली की सूर गेला' असं सगळे म्हणतात. त्यात तथ्य किती? रोलर ब्रिज (तारा चाकांवर टेकणारा) सोबतच मागवू का?

जाता जाता : सध्या टेलपीस पक्कं आहे, तरीही जोरात बेंड केलं (तार बाजूला ओढून सूर चढवला) की जी (G) तार किंचित उतरते. नटच्या (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) मागे दाबली की पुन्हा जागेवर येते. याचा इथे काही संबंध आहे का माहीत नाही.

घोडी_आणि_खुंटी

संबंध आहे, आणि चौथ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच दडलंय. तुमची जी (G) तार नटमध्ये अडकतेय. बेंड करताना मशीनहेडकडची (खुंट्यांकडची) थोडी तार नटमधून ओढून फ्रेटबोर्डकडे येते आणि सोडल्यावर मागे सरकत नाही. नटमागे दाबल्यावर ती मागे ओढली जाते, म्हणून सूर परत येतो. या नटवर जगातला सगळ्यात महागडा व्हायब्रेटो लावलात तरी तो बेसूरच होणार, आणि शिव्या बिगस्बीला पडणार.

हे किती नाजूक काम आहे ते आकड्यांत पाहा. गणित ढोबळ आहे, पण अंदाज येईल. लेस पॉलची स्केल, म्हणजे नट ते ब्रिज तारेची लांबी, साधारण ६२८ मिमी. १० नंबरची वरची ई सुरात असते तेव्हा ती मूळ लांबीपेक्षा चारेक मिमी ताणलेली असते. अर्धा सूर उतरवायचा म्हणजे ताण सुमारे ११ टक्क्यांनी कमी करायचा, म्हणजे तार जवळपास अर्धा मिमी सैल सोडायची. आता १७ नंबरची साधी जी घ्या. जाड आणि गुंडाळी नसलेली. ताण ई इतकाच, पण पोलाद जवळपास तिप्पट. त्यामुळे ती एकूण ताणली जाते दीड-पावणेदोन मिमी, आणि अर्ध्या सुरासाठी तिला लागतात फक्त ०.१७ मिमी. जी तार नटमध्ये ०.०२ मिमी अडकली तरी दहा-बारा सेंटचा (अर्ध्या सुराचे शंभर सेंट) फरक पडतो आणि तो कोणाच्याही कानाला कळतो. तेवढंच ई अडकली तर तुम्हाला पत्ताही लागणार नाही. सगळीकडे जी तारेच्याच नावाने ओरड का असते, त्याचं कारण हे.

त्यात लेस पॉलच्या हेडस्टॉकची भर. तो मागे झुकलेला, १४ ते १७ अंशांत, आणि तीन-तीन खुंट्यांच्या रचनेत डी आणि जी तारा नटमधून निघाल्यावर बाहेरच्या बाजूला वळतात. म्हणजे खाचेच्या तळाशीही घर्षण आणि भिंतीशीही.

म्हणून खरेदीच्या आधी नट. क्रम असा :

प्रत्येक खाच तारेपेक्षा किंचित रुंद हवी. इंचाच्या हजाराव्या भागात बोलायचं तर १० ला १२, १७ ला १९ ते २०, ४६ ला ४८ ते ५०. यापेक्षा रुंद केलीत तर तार खाचेत हलून झणझणते. खाचेचा तळ गोल हवा आणि मशीनहेडच्या दिशेने उतरता. तार टेकायची जागा फक्त नटची पुढची कड, फ्रेटबोर्डाकडची. डी आणि जीच्या खाचांचा मागचा अर्धा भाग आपापल्या खुंटीच्या दिशेने किंचित वळवून घ्या, पुढची कड मात्र आहे तिथेच ठेवा. नट-फाइलचा संच महाग पडतो. गॅस वेल्डिंगचे नोझल साफ करायच्या काड्यांचा संच हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळतो. व्हर्नियरने जाडी मोजून योग्य काडी निवडायची आणि दोन-तीन हात मारून थांबायचं. खोली वाढवायची नाही, रुंदीच तेवढी मोकळी करायची. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबून पहिल्या फ्रेटवर केसाएवढी फट दिसलीच पाहिजे. ती गेली तर नट बदलण्यावाचून उपाय नाही.

ट्यून करताना 'टिंग' असा आवाज येऊन सूर एकदम उडी मारतो का? ती खाच अडकतेय. तो आवाज पूर्ण बंद होईपर्यंत बिगस्बीची ऑर्डर देऊ नका.

६बी पेन्सिलचं शिसं खाचेत घासणं चांगलं, पण ते वंगण आहे, दुरुस्ती नव्हे. अरुंद खाचेत शिसं भरून चार दिवस बरे जातील, मग पुन्हा तेच.

ट्विन_रिव्हर्ब

वरच्या पोस्टला माझं अनुमोदन. आता पहिल्या तीन प्रश्नांकडे वळू.

बी७ अमेरिकेतली, वाळूच्या साच्यात ओतलेलं ॲल्युमिनियम. बी७० परवान्याखाली आशियात तयार होणारी, डाय-कास्ट. रचना एकच : स्प्रिंग, हाताने दाबायचा दांडा, तारा गुंडाळायचा फिरता रूळ, आणि त्याच्या पुढे तारांना खाली दाबणारा टेन्शन बार. फरक दिसतो फिनिशमध्ये आणि हाताला लागणाऱ्या गुळगुळीतपणात. सुराच्या स्थिरतेत बी७ मुळे जेवढा फरक पडेल त्यापेक्षा कितीतरी जास्त नटमुळे पडेल. बजेट आखडतं असेल तर बी७० घ्या आणि उरलेल्या पैशांत नट कारागिराकडून नीट करून घ्या. याबाबत माझ्या मनात जराही शंका नाही.

भोकांचं. बी७ किंवा बी७० तशीच लावायची तर पुढे टॉपमध्ये दोन स्क्रू आणि मागे बुडाला बिजागरीच्या पट्टीचे स्क्रू, म्हणजे भोकं आलीच. व्हायब्रमेटची व्ही७ पट्टी पुढे स्टॉपटेलच्या जुन्या बुशिंगवर (स्टड, म्हणजे टेलपीसचे स्क्रू, ज्यात बसतात ती लाकडातली धातूची नळी) आणि मागे स्ट्रॅप-पिनच्या भोकावर बसते, म्हणून लाकडाला हात लागत नाही. उद्या मन बदललं तर सगळं काढून मूळ टेलपीस परत. एक अडचण लक्षात ठेवा. अमेरिकन गिब्सनचे स्टॉपटेल स्टड इंची आट्यांचे असतात, ५/१६ इंच. एपिफोन आणि बहुतेक आशियाई गिटारींवर एम८ मेट्रिक. पट्टीसोबत कोणते स्टड येणार हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. इंची स्टड मेट्रिक बुशिंगमध्ये एक-दीड आटा जातो आणि मग अडतो. तिथे पान्याने जोर लावलात तर बुशिंग लाकडातून उपटून येतं.

बी५ हा आखूड, घोड्याच्या नालेच्या आकाराचा. सपाट टॉपच्या गिटारींसाठी, एसजी, टेली वगैरे. फुगीर टॉपवर तुम्हाला तो नको. बी३ आणि बी६ पोकळ आर्चटॉपसाठी. त्यांना टेन्शन बार नसतो, त्यामुळे ब्रिजवर तारांचा कोन फार उथळ राहतो. लेस पॉलवर लावलात तर जोरात पिकिंग करताना तार सॅडलमधून (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) निसटू शकते.

लेस ट्रेम : स्टॉपटेलच्या जागी बसतो, मूळ ब्रिज तसाच राहतो, वजन बिगस्बीपेक्षा कमी, आणि तारा बदलणं साध्या टेलपीसइतकं सोपं. तुमच्या वर्णनाला हा चपखल बसतो. रूप मात्र बिगस्बीचं नाही. ज्यांना तो चकचकीत नाल आणि दांडा डोळ्यांना हवाच असतो त्यांचं समाधान होत नाही, आणि ते कारण मी क्षुल्लक मानत नाही. गिटार उचलावीशी वाटली पाहिजे.

स्टेट्सबार : यात टेलपीसबरोबर ब्रिजही हलतो. सॅडल तारेसोबतच पुढे-मागे जात असल्याने ब्रिजवरचं घर्षण जवळपास शून्य. पल्ला मोठा. पण यंत्र अवजड, आणि तुम्हाला पाव-अर्ध्या सुराच्या थरथरीसाठी एवढा पल्ला नको आहे.

एक खुलासा, कारण इथे दर महिन्याला यावरून वाद होतो. सूर वरखाली करणं म्हणजे व्हायब्रेटो, आवाज लहानमोठा करणं म्हणजे ट्रेमोलो. लिओ फेंडरने १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरवरच्या यंत्राला 'ट्रेमोलो' म्हटलं आणि त्याच्याच ॲम्प्लिफायरवर आवाज लहानमोठा करणाऱ्या चॅनेलवर 'व्हायब्रेटो' लिहिलं. तेव्हापासून सगळा घोळ. दुकानात दोन्ही शब्द सांगा.

पोकळ_बॉडी

बिगस्बीचा मूळ हेतू विसरला जातो. कंट्री गिटारवादक मर्ल ट्रॅव्हिसच्या गिटारवर कॉफमनचा जुना व्हायब्रोला, म्हणजे व्हायब्रेटोच, होता आणि तो सुरात परत येत नव्हता. तो दुरुस्त करायला ट्रॅव्हिस पॉल बिगस्बीकडे गेला आणि बिगस्बीने दुरुस्त करण्याऐवजी नवंच यंत्र घडवलं. म्हणजे सूर टिकावा म्हणूनच या वस्तूचा जन्म झाला. 'बिगस्बी म्हणजे बेसूर' हे ऐकलं की हसू येतं.

पल्ल्याची कल्पना आपल्या भाषेत सांगतो. बिगस्बीकडून मींड मागू नका, आंदोलन मागा. दरबारीतला गंधार जसा जागच्या जागी झुलतो तसा कॉर्ड झुलवणं हे तिचं काम. खाली अर्धा ते एक सूर, वर त्याहून कमी. त्यापलीकडे दांडा दाबलात तर स्प्रिंग पूर्ण दबते.

रोलर ब्रिजबद्दल माझं मत बहुतेकांच्या उलट आहे. घेऊ नका, निदान आधी घेऊ नका. स्वस्त रोलर ब्रिजमध्ये सहा चाकं, सहा आस, आणि प्रत्येकात ढिलाई. महिनाभरात एखादं चाक झणझणायला लागतं, आणि तो आवाज फ्रेटचा आहे की पिकअपच्या स्प्रिंगचा हे शोधण्यात आठवडा जातो. शिवाय खूप वेळा चाक फिरतच नाही. तार त्याच्यावरून घसरते, म्हणजे साध्या सॅडलवर जे झालं असतं तेच. ट्यून-ओ-मॅटिकच्या सॅडलची खाच नीट गोल करून १००० आणि मग २००० च्या कागदाने आरशासारखी केली की ती या पल्ल्याला पुरते.

ट्विन_रिव्हर्ब

@पोकळ_बॉडी स्वस्त रोलरबाबत मान्य. पण शालर कंपनीचा किंवा त्याच तोडीचा घेतला तर एवढी झणझण नसते. आणि टेन्शन बारवाल्या बी७ मध्ये ब्रिजवर कोन तीव्र असतो, म्हणजे सॅडलवर दाब जास्त, घर्षण जास्त. पोकळ गिटारीवरच्या बी६ चा अनुभव इथे जसाच्या तसा लागू होत नाही.

पोकळ_बॉडी

कोनाचा मुद्दा बरोबर, तो मी धरला नव्हता. तरी क्रम तोच ठेवेन : नट, मग सॅडलची पॉलिश, मग तपासणी, आणि दोष ब्रिजवर सिद्ध झाला तरच रोलर.

सहावी_तार

सगळ्यांचे आभार. व्ही७ पट्टी आणि बी७० कडे कल होतोय. दोन शंका. 'दोष ब्रिजवर सिद्ध' कसा करायचा? आणि टेलपीस काढल्यावर अर्थिंगचं काय? तारांना हात लावला की गुणगुण थांबते, ती वायर टेलपीसच्या स्टडलाच जोडलेली असते ना?

घोडी_आणि_खुंटी

दोन्ही शंका रास्त.

तपासणीची युक्ती सोपी आहे, फक्त ट्यूनर हवा. तार सुरात लावा. दांडा अर्ध्या सुराएवढा दाबा, हळूच सोडा, हात पूर्ण काढा. आता वाचा.

तार चढी परतली, तर दोष नटचा. दांडा दाबला तेव्हा मधल्या भागाचा ताण उतरला, थोडी तार नटमधून मशीनहेडकडे गेली आणि तिथेच अडकली. मधल्या भागात तार कमी उरली, म्हणून सूर चढला. खात्री करायला तीच तार हलकी बेंड करून सोडा. सूर खाली आला तर नटच.

तार उतरी परतली, तर दोष ब्रिजचा. दाबताना टेलपीसकडची तार सॅडलवरून मधल्या भागात आली आणि मागे ओढली गेली नाही. खात्रीसाठी दांडा एकदा हलकाच वर उचलून सोडा. सूर जागेवर आला तर ब्रिजच. बिगस्बी वाजवणारे अनेक जण दाबल्यानंतर सवयीने दांडा किंचित वर उचलतात, ते याचसाठी.

सहाही तारांचा सूर एकाच बाजूला सरकला, तर ना नट ना ब्रिज. दांडाच मूळ जागी येत नाहीये. स्प्रिंग तिरकी बसली असेल, तिच्या टोकाची वॉशर सरकली असेल, रुळाच्या बेअरिंगमध्ये घाण असेल. किंवा तारा नवीन असून अजून ताणायच्या असतील, तेव्हा सगळ्याच उतरतात.

आणखी एक : ट्यून-ओ-मॅटिक आपल्या दोन खांबांवर डुलतो. दांडा दाबताना ब्रिज पुढे झुकतो का ते बाजूने बघा. झुकून पुन्हा नेमका तिथेच येत असेल तर हरकत नाही, फेंडर जॅझमास्टरचा ब्रिज तर मुद्दाम तसाच डोलता ठेवलेला आहे. अर्ध्यात थांबत असेल तर मात्र त्रास. एपिफोनच्या लॉकटोन ब्रिजला खांबावर पकडणाऱ्या क्लिपा असतात, त्यामुळे तुमचा कमी हलेल.

तारेच्या खालून ब्रिजची मागची कडही तपासा. टेन्शन बारमुळे तार इतकी उतरती जाते की काही गिटारींवर ती सॅडलनंतर ब्रिजच्या अंगालाही घासते. म्हणजे एकाऐवजी दोन जागी घर्षण. सॅडल आणि बार यांच्यामध्ये कागदाचा कपटा सरकवून बघा, सहाही तारांखालून मोकळा फिरला पाहिजे.

अर्थिंग. लेस पॉलमध्ये ती वायर आतून स्टॉपटेलच्या एका बुशिंगला टेकलेली असते. टेलपीस काढून बिगस्बी लावली की तारांचा त्या बुशिंगशी संबंध तुटतो, जोपर्यंत नवीन स्टड, पट्टी आणि बिगस्बी हे तिन्ही धातूला धातू भिडत नाहीत. व्ही७ मध्ये ते भिडायला हवं, पण पट्टीवरचं लॅकर किंवा ॲल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा थर आड येऊ शकतो. मल्टिमीटर कंटिन्युटीवर ठेवा, एक टोक कोणत्याही तारेला, दुसरं आउटपुट जॅकच्या बाहेरच्या दंडगोलाला. बीप आला की झालं. नाही आला तर पट्टीच्या खालच्या बाजूला, स्टड टेकतो तेवढ्याच जागी, बारीक कागदाने लॅकर खरवडा. वरून दिसणार नाही.

सहावी_तार

बिगस्बी अजून यायची आहे, पण जुन्या टेलपीसवर नटचं काम केलं. जीची खाच तारेइतकीच घट्ट होती. नोझलच्या काडीने मोकळी केली, मागचा भाग खुंटीकडे वळवला. 'टिंग' बंद. बेंडनंतर सूर तीन-चार सेंटच्या आत राहतोय.

आता तारा बसवण्याबद्दल सांगा. व्हिडिओत तीन हात लागतात असं दिसतं.

ट्विन_रिव्हर्ब

तीन हातांचं काम खरंच आहे, पण स्पंजच्या तुकड्याने दोनावर येतं.

एका वेळी एकच तार काढा. सगळ्या काढल्यात तर ट्यून-ओ-मॅटिक खांबांवरून सुटतो, आणि त्याहून वाईट म्हणजे बिगस्बीची स्प्रिंग टुणकन उडून पलंगाखाली जाते, तिच्या टोकाची वॉशर बरोबर घेऊन. सहा तारांचा मिळून सुमारे ४५ किलोचा ताण तिला दाबून धरत असतो, तो गेला की तिला धरणारं कोणी नाही. फ्रेटबोर्ड साफ करायला सगळ्या काढायच्याच असतील तर खाली टॉवेल अंथरा आणि स्प्रिंग आधीच काढून डबीत ठेवा.

नवीन तारेचं बॉल असलेलं टोक, शेवटचे दोन-अडीच सेंमी, पेन्सिलएवढ्या गोल वस्तूभोवती वाकवून हुकासारखं करा. हे न करता सरळ तार रुळाभोवती वळवायला गेलात तर ती दर वेळी पिनेवरून निसटेल. विशेषतः ४६ आणि ३६. बॉलचं भोक रुळाच्या पिनेवर अडकवा, तार रुळाभोवती घेऊन टेन्शन बारच्या खालून ब्रिजकडे न्या. आता भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा रूळ आणि गिटारचा टॉप यांच्यामध्ये, त्या बॉलच्या खाली दाबून बसवा. तो बॉलला पिनेवर धरून ठेवतो. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारी पकड) लावला की दुसरं टोकही सुटत नाही. मग निवांत खुंटीला गुंडाळा. जाड तारांना दोन वेढे, बारीक तारांना तीन. जास्त वेढे म्हणजे जास्त सैलपणा.

ट्यून करताना दर दोन मिनिटांनी दांडा हलवा, तारा बोटांनी ओढा, पुन्हा ट्यून. चार-पाच फेऱ्या लागतात. शेवटचा स्पर्श नेहमी खालून वर ट्यून करूनच.

दांड्याची उंची स्प्रिंगवर ठरते. मूळ स्प्रिंग ७/८ इंच, म्हणजे २२ मिमी. त्याखेरीज पाऊण इंची आणि एक इंची मिळतात. १० च्या संचावर दांडा फार वर राहत असेल तर आखूड घ्या. ११ चा संच लावलात तर ताण वाढून स्प्रिंग जास्त दबेल आणि दांडा टॉपजवळ येईल, तेव्हा लांब घ्या किंवा खाली एक वॉशर वाढवा. करंगळीत सहज येईल एवढा वर, साधारण दोन-अडीच सेंमी, ठीक वाटतो.

आणि ११ चा संच घेणार असाल तर गुंडाळीची जी असलेला घ्या. वर जे गणित दिलंय ते उलटं फिरतं. गुंडाळीच्या तारेचा आतला गाभा बारीक, म्हणून ती जास्त ताणलेली असते आणि छोटी अडवणूक पचवते. बेंड मात्र जड जातील.

कोकणी_स्ट्रॅट

कोकण, मुंबई, गोवा इथल्या लोकांसाठी पुरवणी. पावसाळ्यात स्प्रिंग गंजते आणि गंजलेली स्प्रिंग दांडा दाबताना करकरते. क्लीन आवाजात ती करकर पिकअपमधून ऐकू येते. महिन्यातून एकदा सुईच्या टोकाने शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब रुळाच्या दोन्ही टोकांच्या बेअरिंगला, आणि स्प्रिंगच्या दोन्ही टोकांना बोटाने किंचित ग्रीस. फवारणीचं तेल नको. ते लाकडाच्या फिनिशवर, तारांवर, सगळीकडे जातं. पॉलिश केलेलं ॲल्युमिनियम घामाने पांढरट होतं, वाजवून झाल्यावर कोरड्या सुती फडक्याने पुसणं एवढंच पुरे. ब्रासो वगैरे महिन्याला घासत बसू नका.

केसचंही बघा. हार्ड केसमध्ये दांडा मागे, स्ट्रॅप-पिनकडे वळवून ठेवा. झाकण लावताना अडखळलं तर जोर लावू नका, ते झाकण दांड्याला खाली दाबत असतं आणि गिटार रात्रभर स्प्रिंग दबलेल्या अवस्थेत पडून राहते.

पोकळ_बॉडी

घेण्याआधी दोन-तीन गोष्टी माहीत असाव्यात, नंतर तक्रार नको. कुठलाही तरंगता व्हायब्रेटो असेल तर एक तार बेंड केली की बाकीच्या किंचित उतरतात. एक तार स्थिर ठेवून दुसरी बेंड करायची कंट्री वळणाची डबल-स्टॉप (दोन तारा एकत्र) वाजवत असाल तर ते खुपेल. ड्रॉप-डी (जाड ई डीपर्यंत उतरवणं) करायला गेलात की बाकी पाचही तारा जरा चढतील. मध्येच तार तुटली तर उरलेल्या पाचांवर गाणं ढकलणं कठीण. आणि वजन : जस्ताच्या मिश्रधातूचं साधं टेलपीस ८०-९० ग्रॅमचं, त्याजागी बिगस्बी आणि पट्टी मिळून पाव किलोच्या बरंच वर. लेस पॉल आधीच जड. रुंद पट्टा घ्या.

आवाज थोडा बदलतो. अटॅक मवाळ होतो, वरचे सूर जरा मोकळे लागतात. कोणाला ते सस्टेन गेल्यासारखं वाटतं. रॉक गायक नील यंगची काळी लेस पॉल बिगस्बीवालीच आहे, तिच्या सस्टेनबद्दल कोणी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही. अर्थात तो ॲम्प्लिफायर कसा चालवतो हेही धरा.

सहावी_तार

ड्रॉप-डी करत नाही, डबल-स्टॉप मात्र वाजवतो. अगदीच असह्य होतं का?

पोकळ_बॉडी

बिगस्बीची स्प्रिंग आखूड आणि कडक, त्यामुळे तरंगत्या स्ट्रॅटइतका फरक पडत नाही. स्थिर तारेला बेंड करतानाच बोटाने कणभर वर ढकलायची सवय लागते. पूर्ण सुराचे बेंड घेत असाल तर जाणवेल, अर्ध्या सुराचे असतील तर फारसं नाही. आत्ताच्या टेलपीसवर एक डबल-स्टॉप रेकॉर्ड करून ठेवा आणि बसवल्यावर त्याच्याशी ताडून बघा. व्ही७ असल्याने परत फिरणं अर्ध्या तासाचं काम आहे. मूळ स्टड आणि टेलपीस एका पिशवीत केसमध्येच ठेवा.

घोडी_आणि_खुंटी

आणि बसवल्यानंतर इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर लागणं) पुन्हा लावा. तारा त्याच असल्या तरी ब्रिजवरचा कोन बदलतो, ब्रिज एखादा अंश झुकतो, बाराव्या फ्रेटवर दोन-तीन सेंट इकडेतिकडे होतात. आधी ब्रिज हाताने सरळ उभा करा, मग सॅडल. उलट्या क्रमाने केलंत तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करावं लागेल.

पट्टीच्या स्टडचं विक्रेत्याने काय उत्तर दिलं? एम८ म्हणाला का?

सहावी_तार

'सगळ्या लेस पॉलना बसतं' म्हणाला.

घोडी_आणि_खुंटी

म्हणजे त्याला माहीत नाही. तुमचा जुना स्टड काढून एम८ बोल्टच्या साध्या नटमध्ये फिरवून बघा. शेवटपर्यंत बोटाने गेला तर मेट्रिक आहे. तो फोटो त्याला पाठवा आणि पट्टीबरोबर याच आट्यांचे स्टड मिळतील असं लिहून आल्यावरच पैसे भरा.